अडखळत्या इंग्रजीतलं ओकायामा

शनिवार

कान्साई विमानतळावरून हारुका गाडीने शिन-ओसाका आणि तिथून शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनने पाऊण तासात ओकायामा. रात्रभराच्या विमानप्रवासाने मुलं मेटाकुटीला आली होती, पण शिन्कान्सेनमध्ये एकानेही डोळा मिटला नाही. सगळे खिडकीला नाक लावून बसलेले. स्टेशनबाहेर मोमोतारोचा पुतळा आहे. पीचच्या फळातून जन्मलेला हा मुलगा बाजरीसारख्या धान्याचे लाडू देऊन एक कुत्रा, एक माकड आणि एक किजी पक्षी असे सोबती जमवतो आणि राक्षसांशी लढायला जातो. अख्ख्या शहराने त्याला दत्तक घेतलंय. गल्लीबोळांत, मिठाईच्या खोक्यांवर, जिकडेतिकडे तोच.

आमचा कार्यक्रम जेमतेम दहा-बारा दिवसांचा. पुण्याची मुलं, यजमान विद्यापीठाची मुलं आणि तिथेच शिकणारे काही इंडोनेशियन विद्यार्थी यांनी मिसळून गट करायचे, एक विषय घ्यायचा आणि शेवटी मांडायचा. आमचा विषय नदीचा पूर. निघण्याआधी महिनाभर ऑनलाइन भेटी झाल्या होत्या. ही काही आमची नवी कल्पना नाही. युरोपात इरास्मस या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेखाली 2021 पासून असेच 5 ते 30 दिवसांचे कार्यक्रम चालतात, थोडं काम ऑनलाइन आणि थोडं प्रत्यक्ष एकत्र राहून. जपानची सरकारी विज्ञान-तंत्रज्ञान संस्थाही 2014 पासून ‘साकुरा सायन्स’मधून परदेशी तरुणांना थोड्या दिवसांसाठी बोलावते. तरीही स्टाफरूममध्ये निघताना टोमणा ऐकावाच लागला: “इतक्या दिवसांत काय संस्कृती कळणार? फिरून या झालं.”

टोमण्यात तथ्य होतंच. असे बरेच दौरे सहलीवरच संपतात.

आमच्या गटाबद्दल एक सांगायला हवं. निवड इंग्रजीतल्या मुलाखतीवर झाली होती, त्यामुळे आलेली बहुतेक मुलं फर्डी. त्यात कोथरूडचा एक मुलगा आंतरमहाविद्यालयीन वादविवाद गाजवणारा. वाळवा तालुक्यातली, कृष्णाकाठच्या गावची एक मुलगी समितीने प्रतीक्षा यादीत ठेवली होती. एकाचा पासपोर्ट वेळेत हाती आला नाही, म्हणून ती आली. विमानात ती माझ्या शेजारी होती. “मॅडम, माझं इंग्लिश बघून हसणार नाहीत ना?” एवढंच तिने विचारलं आणि पार बँकॉकपर्यंत गप्प राहिली.

रविवार

सकाळी कोराकुएन. आत पाऊल टाकताच नागपूरची मुलगी ओरडली, “अरे, हे तर सिंहगड रोडचं पु. ल. उद्यान!” बरोबरच होतं तिचं. पुण्याचं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान याच बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. तेच पाण्याचे वळणदार ओहोळ, तेच टेकाड, तेच छोटे पूल. फक्त इथली हिरवळ विस्तीर्ण, मधे चहाचा मळा, भाताचं खाचर, आणि एका बाजूला पाळलेले क्रौंच. नोव्हेंबरचा मध्य असल्याने मेपल लाल होऊ लागले होते. यजमान मुलांना मात्र पुण्यात अशी बाग आहे याचा पत्ताच नव्हता. मोबाइलवर फोटो दाखवले तेव्हा ती खरंच चकित झाली. मैत्रीचे करार दोन्हीकडच्या कार्यालयांच्या भिंतींवर टांगलेले राहतात ते असे.

भूगोल शिकवत असल्याने माझं मन बागेपेक्षा शेजारच्या आसाही नदीत जास्त गुंतलं. ही बाग 1700 साली पूर्ण झाली. तिचं काम पाहणारा त्सुदा नागातादा हा सरदार इकेदांचा कारभारी. त्याच माणसाने आसाहीचं पुराचं पाणी शहराबाहेरून वळवणारी ह्याक्केन नदी खोदून घेतली. बाग आणि पूरनियंत्रण एकाच हातचं! तरी 1934च्या पुरात बागेचं नुकसान झालंच, आणि 1945च्या जूनमधल्या बॉम्बवर्षावात उरलंसुरलं गेलं. पलीकडच्या तीरावरचा काळाकुट्ट किल्लाही तेव्हाच जळाला. आज दिसतो तो 1966 साली काँक्रीटमध्ये उभा केलेला.

“आणि आपल्या बागेजवळ?” मी विचारलं. एकतानगरीचं नाव मुलांनीच घेतलं. याच जुलैत, म्हणजे 2024 मध्ये, खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडची ती वस्ती पहाटेच पाण्यात होती, आणि आधी कळवलं नाही ही रहिवाशांची तक्रार अजून मिटलेली नाही. कोराकुएनच्या गवताकाठी उभं राहून ओकायामाच्या मुलांना आम्ही मुठा नदीचा नकाशा काढून दाखवला.

सोमवार

सकाळी पत्ते कुटले. खरंच. या खेळाचं नाव बार्न्गा. मूळचे चेन्नईचे शिवसैलम त्यागराजन यांनी तो रचला. लायबेरियात काम करत असताना त्यांना तो सुचला, आणि आता जगभर अशा प्रशिक्षणांत तो खेळतात. चार-चार जणांची टेबलं. प्रत्येक टेबलावर नियमांचा कागद. तो वाचून झाला की काढून घेतात, आणि मग बोलायचं नाही, लिहायचं नाही. डाव संपला की जिंकणारे एका टेबलावर सरकतात, हरणारे दुसऱ्या. मेख अशी की प्रत्येक टेबलाचे नियम थोडे वेगळे असतात. कुठे एक्का सगळ्यात मोठा, कुठे सगळ्यात छोटा, कुठे हुकूमच नाही. हे कुणालाच सांगितलेलं नसतं.

मी कडेला बसून पाहत होते. कोथरूडचा वीर दुसऱ्या टेबलावर गेला, हात आपलाच समजून पत्ते ओढले, समोरच्याने भुवया उंचावल्या, याने ठामपणे टेबलावर बोट आपटलं, समोरच्याने पत्ते सोडून दिले. असं तीनदा झालं. पत्ते सोडणारा तो लांबट केसांचा विद्यार्थी नंतर म्हणाला की आपलं बरोबर आहे याची खात्री होती, पण पाहुणा आहे, जाऊ दे. आमच्या वीराला वाटलं होतं, समोरच्याला खेळच येत नाही. तिसऱ्या टेबलावर एक इंडोनेशियन मुलगी आणि वाळव्याची मुलगी यांनी हातवाऱ्यांवर चक्क तिसराच नियम तयार करून खेळ चालू ठेवला होता.

यजमान प्राध्यापिकाबाईंनी त्यानंतर रोज रात्रीसाठी एक रीत घालून दिली. अमेरिकेतल्या आंतरसांस्कृतिक प्रशिक्षणात ती 1970च्या दशकापासून वापरात आहे. वहीत तीन रकाने: नेमकं काय दिसलं, त्याचा मी काय अर्थ लावला, मला ते आवडलं की नाही. सोपं वाटतं. पण पहिल्या रात्री जवळजवळ सगळ्यांच्या पहिल्या रकान्यात दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यातला मजकूर होता. “ती लोकं कोल्ड आहेत” हे काय दिसण्यात मोडतं? बाईंनी शांतपणे विचारलं, “त्यांनी काय केलं ते लिही.” मुलाला बराच वेळ काही सुचेना.

मंगळवार

गटांची पहिली बैठक, आणि अपेक्षेप्रमाणे घोळ. पुण्याची मुलं फळ्यावर बाण काढत, एकमेकांची वाक्यं तोडत, हसत-खिदळत पुढे. ओकायामाची मुलं माना डोलावत लिहून घेत होती. बाहेर आल्यावर आमच्या मुलांचा निकाल तयार: “मॅडम, त्यांना मतच नाही. सगळ्याला हो म्हणतात.”

रात्री एकच्या सुमारास गटाच्या फाइलमध्ये यजमान मुलांनी टाकलेली पानं उमटली. बैठकीतला प्रत्येक मुद्दा, कुणी मांडला त्यासह. खाली, शक्य आहे का, वेळ किती लागेल, कुणाला विचारावं लागेल. आणि एका मुद्द्याखाली अगदी सौम्य भाषेत, यावर आम्हाला थोडी अडचण वाटते. तो मुद्दा आमच्या मुलांनी पक्का धरला होता. अडचण थोडी नव्हतीच. पूरग्रस्तांच्या घरांचे ड्रोनने फोटो काढायचे, तेही त्यांना न विचारता!

जेवणाचंही सांगते, कारण घरून रोज तोच प्रश्न येत होता. इथे भाजीच्या आमटीतही सुकवलेल्या माशाच्या कापांचा अर्क असतो, त्यामुळे दिसायला शाकाहारी ते असतंच असं नाही. इंडोनेशियन मुली हलालसाठी पाकिटामागची बारीक अक्षरं वाचण्यात तरबेज झालेल्या. आमच्यातल्या जैन मुलीला त्यांनीच सांभाळलं. दुकानातल्या, उमे हे खारवलेलं आंबट फळ घातलेल्या भातगोळ्यांवर आणि केळ्यांवर तिचे दिवस गेले, पण गेले मजेत.

बुधवार

या दिवसासाठी मी आले होते. छोट्या ईबारा रेल्वेने आम्ही किबी-नो-माकिबी स्टेशनला उतरलो. गाव माबी, कुराशिकी शहराचा भाग. ज्या किबी नो माकिबीवरून गावाचं नाव पडलं, तो आठव्या शतकातला या भागातला विद्वान. 717 साली जपानच्या शिष्टमंडळासोबत शिकायला तांग राजवटीच्या चीनला गेला आणि 735 साली परतला. अठराएक वर्षांचं परदेशी शिक्षण! आमचे दहा-बारा दिवस ऐकून तो काय म्हणाला असता कोण जाणे.

7 जुलै 2018च्या सकाळी हे गाव पाण्याखाली होतं. दिवसचे दिवस पाऊस, मोठी ताकाहाशी नदी फुगलेली, तिला मिळणाऱ्या ओदा नदीचं पाणी पुढे सरकेना, ते मागे दाटलं आणि बांध फुटले. कृष्णा-वारणेच्या संगमाशी पाणी तुंबतं ते ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. काही ठिकाणी पाणी 5 मीटरच्या आसपास चढलं. माबीत 51 माणसं गेली, त्यातली बहुतेक पासष्टी ओलांडलेली, आणि बरीचशी आपल्याच घरात. सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे नगरपालिकेने आधीच वाटलेल्या पूर-नकाशात जेवढा भाग रंगवला होता, जवळजवळ तेवढाच बुडाला. नकाशा चुकला नव्हता. आता दोन नद्यांचा संगमच सुमारे साडेचार किलोमीटर खाली सरकवलाय. ते काम 2024 मध्ये पुरं झालं. नव्या बांधावर उभं राहून आमची मुलं ते रुंद, कोरं पात्र बघत राहिली.

दुपारी गावच्या सभागृहात एक आजोबा बोलायला आले होते. ऐंशीच्या घरातले, ताठ, हळू आवाजाचे. लांबट केसांचा तो विद्यार्थी दुभाष्या होता. आजोबांनी रात्रीचं वर्णन केलं, आणि ते संपताच कोथरूडच्या मुलाने विचारलं, “दोष कुणाचा? सरकारने भरपाई दिली का?”

खोलीत शांतता. दुभाष्याने प्रश्न लगेच भाषांतरित केला नाही. माझ्याकडे पाहिलं, प्राध्यापिकाबाईंकडे पाहिलं, मग खाली मान घालून काहीतरी बरंच लांब आणि नम्र बोलला. आजोबा म्हणाले, प्रश्न अवघड आहे. आणि थांबले.

मग वाळव्याच्या मुलीने हात वर केला. तिचं इंग्रजी तुटक: “Water come. You go up. First, what you take?” ते वाक्य मी तिने म्हटलं तसंच ठेवते. दुभाष्याला ते भाषांतरित करायला क्षणही लागला नाही. आजोबांचा चेहरा बदलला. वरच्या मजल्यावर त्यांनी आधी नेल्या त्या घरातल्या देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या नावाच्या पाट्या, मग बायकोची औषधं. पैशाची पेटी खालीच राहिली. मुलीने मोबाइल काढून फोटो दाखवला. 2019च्या ऑगस्टमधल्या पुरात तिच्या आजीने माळ्यावर पहिले नेलेले देवाचे टाक, फडक्यात बांधलेले. चांदीच्या पत्र्यावरचे खंडोबा आणि पूर्वज. आजोबांनी चष्मा वर करून फोटो बराच वेळ पाहिला. त्यांनी विचारलं, आजी आहेत का? तिने मान डोलावली. म्हशी? दोन वाचल्या, एक गेली. हा सगळा संवाद मोडक्या इंग्रजीतून जपानीत आणि उलट असा चालला होता, पण त्यात अडखळणं कुणाला जाणवतच नव्हतं. दोघंही सावकाश बोलत होती, छोट्या वाक्यांत, आणि एकमेकांचं पूर्ण होईस्तोवर थांबत होती.

इथे कोथरूडच्या मुलाला खलनायक करणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. कारण अर्ध्या तासाने आजोबा आपणहून त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. धरणातून वेळेत पाणी सोडून जागा केली नाही, संगम हलवण्याचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, असं म्हणत रहिवाशांनी न्यायालयात दावा लावलाय, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. गावातही त्यावर एकमत नाही, हेही. परतीच्या गाडीत लांबट केसांचा विद्यार्थी त्याला म्हणाला, मी जन्मभर इथे राहूनही हे कुणाला विचारायचं धाडस केलं नसतं. मला उत्तर हवं होतंच. मग दोघं ओकायामा येईपर्यंत न्यायालय, धरण आणि एकतानगरीवर बोलत राहिले. फरक एकच: या वेळी आमचा मुलगा दर वाक्यानंतर थांबत होता. शिकला होता की नुसता दमला होता, सांगता येत नाही.

त्या रात्रीचे रकाने मी वाचले नाहीत. मुलांनी एकमेकांना वाचून दाखवले, मध्यरात्र उलटेपर्यंत.

गुरुवार

पाऊस. लेखन, धुणं, आणि नाणी टाकून चालणाऱ्या यंत्रासमोर रांग.

शुक्रवार

सांस्कृतिक संध्या. माझा या प्रकाराला विरोध आहे आणि तो मी दरवेळी नोंदवते. नऊवारी, फेटे, दोन गाणी, टाळ्या, फोटो. आपण आपल्या संस्कृतीतलं तेवढंच दाखवतो जे बॅगेत मावतं. समोरचेही किमोनो नेसवून फोटो काढून देतात. कुणाचंही काही बिघडत नाही, आणि कुणी काही शिकतही नाही. लेझीम मात्र जमली, हे कबूल. खळखळाट ऐकून यजमान मुलं आपणहून रांगेत घुसली.

खरा कार्यक्रम नंतर झाला, आवराआवरीत. बाटलीचं झाकण एकीकडे, वरचं प्लास्टिकचं वेष्टन दुसरीकडे, बाटली विसळून तिसरीकडे, जळणारा कचरा वेगळा, उष्टं वेगळं. आमचा पिंपरीचा मुलगा सगळं एका पिशवीत कोंबून मोकळा झाला. कुणी त्याला काही बोललं नाही. एका यजमान मुलीने ती पिशवी उलटी केली आणि गुपचूप वेगळं करायला बसली. त्याला हे बोलण्याहून जास्त लागलं. तोही शेजारी बसला. मग त्याने तिला सांगितलं की आमच्याकडे हे काम ठरावीक बायका करतात, पुण्यात त्यांची ‘स्वच्छ’ नावाची सहकारी संस्था आहे, आणि कचऱ्यातून काय विकलं जातं ते त्या हातानेच ओळखतात. तिला हे नवीन होतं. इथे कचरा कोण करतो हे कळतं, पण पुढे कोण हाताळतो ते दिसत नाही, असं ती म्हणाली. या दोघांनी शेवटी आपल्या गटाच्या मांडणीत पुरानंतरच्या कचऱ्यावर एक भाग घातला, आणि तो सगळ्यात चांगला निघाला.

शनिवार आणि रविवार

मुलं यजमान कुटुंबांकडे. मी एकटी कुराशिकीला गेले. ओहारा संग्रहालयात एल ग्रेकोचं चित्र पाहिलं, कालव्याकाठी फिरले, पाय दुखले. मुलांच्या हकिकती रविवारी रात्री ऐकल्या. नागपूरची मुलगी चक्क उपाशी राहिली होती. वाढताना तिने पहिल्यांदा “नको, नको” म्हटलं, आपल्या रीतीप्रमाणे, आता आग्रह होईल या भरवशावर. ताट शांतपणे बाजूला गेलं. नको म्हणालेल्या पाहुण्याला पुन्हा विचारून संकोचात टाकायचं नाही, ही त्यांची रीत. दुसऱ्या दिवशी तिने पहिल्याच हाकेला हो म्हटलं आणि तिच्या म्हणण्यानुसार सगळ्यांच्या आधी जेवली.

सोमवार

मांडणी. प्रत्येक गटाला पंधरा मिनिटं. पूर-नकाशा हाताशी असून माणसं का निघाली नाहीत, यावर मुलांनी माबी, सांगली आणि एकतानगरी शेजारी-शेजारी ठेवली होती. सांगलीत 2019 साली आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आकडे लोकांना तासातासाला माहीत होते, तरी बरेच जण घरात थांबले, कारण 2005चा पूर त्यांनी त्याच घरात काढला होता. माबीतही जुन्या पुरांची आठवण हाच धोका ठरला. मुलांची सूचना साधी होती: रात्री कोणत्या म्हाताऱ्याचं दार कुणी वाजवायचं, हे पावसाळ्याआधी नावानिशी ठरवा.

कोथरूडच्या मुलाने स्वतःचा वेळ आखडून लांबट केसांच्या जोडीदाराला दिला. तो मधेच थांबला. शब्द शोधत. पाच सेकंद, दहा सेकंद. आमच्या वीराच्या ओठांची हालचाल मला लांबून दिसत होती, पण त्याने वाक्य पुरवलं नाही. जोडीदाराने ते स्वतःच पूर्ण केलं.

शेवटी प्रश्नावली. जाण्याआधी भरलेलीच पुन्हा भरायची: मी दुसऱ्याचं ऐकून घेतो का, वेगळ्या वागण्याचा अर्थ लावण्याआधी थांबतो का, वगैरे. अशा कागदांवर माझा फारसा विश्वास नाही. योग्य उत्तर काय ते मुलांना चांगलं ठाऊक असतं. पण या वेळी फर्ड्या मुलांनी ऐकण्याच्या रकान्यात स्वतःला दिलेले गुण आधीपेक्षा कमी केले होते. वाळव्याच्या मुलीने वाढवले. अहवालात सरासरी काढली की हे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतील आणि ‘लक्षणीय बदल नाही’ असं छापून येईल. मी सरासरी काढणार नाही म्हणून कळवलंय. पुढच्या निवडीला मुलाखतीऐवजी एक दिवसाचं गटकाम ठेवा, हेही लिहून दिलंय. समितीत त्यावर वाद होईल.

फेब्रुवारीत जपानी विद्यापीठांना सुट्ट्या लागतात, तेव्हा ओकायामाची मुलं पुण्याला यायची आहेत. विमानतळावर बसल्या बसल्या कार्यक्रमावर भांडण सुरू झालं. शनिवारवाडा की सिंहगड, मिसळ किती तिखट. वाळव्याच्या मुलीने मधेच सांगितलं की दोन दिवस सांगलीसाठी हवेत: आयर्विन पूल, हरिपूरचा संगम, मग तिचं घर. आजीला फोन करून तिने विचारूनही घेतलं होतं. आजीचा एकच प्रश्न होता: त्यांना खाली बसून जेवता येतं का, की खुर्च्या मागवू?